सह्याद्रीच्या कातळातून पृथ्वीचा इतिहास कसा वाचावा

महाराष्ट्रात राहणाऱ्याला पृथ्वीचा इतिहास शिकायचा असेल तर एक मोठी सोय आहे आणि एक मोठी अडचणही. सोय अशी की इथे दगड उघडा पडलेला आहे. घाटरस्त्याची कापलेली बाजू, किल्ल्याचा कडा, खडीची खाण, विहिरीचा काठ, कुठेही जा, कातळ समोर येतो. अडचण अशी की राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग एकाच काळ्या दगडाने, दख्खनच्या बेसॉल्टने झाकलेला आहे, आणि हा दगड पृथ्वीच्या हिशेबाने अगदी थोड्या काळात साचला. शिवाय तो लाव्हा थिजून बनला असल्याने त्यात जीवाश्म सापडत नाहीत.

त्यामुळे 'पाठ्यपुस्तकातला तक्ता घ्या आणि डोंगरावर जाऊन ताडून बघा' हा सल्ला इथे चालत नाही. इथली पद्धत वेगळी ठेवावी लागते: आधी काळाचं माप हातात घ्यायचं, मग लाव्हा वाचायला शिकायचं, आणि मग त्याच्या थरांच्या मध्ये, खाली आणि वर काय आहे ते शोधायचं. जीवसृष्टीची सगळी गोष्ट या तीन जागी आहे. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

पहिला टप्पा: दोरी

हा टप्पा घरी करायचा आहे आणि कंटाळा आला तरी टाळू नका. कोटी-अब्ज हे आकडे वाचून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. एक जाड सुती दोरी घ्या, ४ मीटर ५४ सेंटीमीटर लांबीची. एक सेंटीमीटर म्हणजे एक कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, म्हणजे अख्खी दोरी जवळजवळ पाच वार भरते. कपाटातली पाचवारी साडी जमिनीवर पसरली तरी काम भागेल, फक्त तिच्यावर खुणा करायला घरातून परवानगी मिळत नाही.

दोरीचं एक टोक म्हणजे 'आज'. तिथून मोजत मागे जायचं आणि प्रत्येक ठिकाणी रंगीत दोरा बांधायचा. पुढे लिहिलेला आकडा हा आजपासूनचं अंतर, सेंटीमीटरमध्ये:

४४० – पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले झिरकॉनचे कण. पृथ्वीवर सापडलेलं सर्वांत जुनं खनिज.
३४८ – स्ट्रोमॅटोलाइट, सूक्ष्मजीवांच्या थरांनी उभे केलेले दगडी ढीग, तेही ऑस्ट्रेलियातच.
२४० – हवेत ऑक्सिजन टिकू लागला.
१६५ च्या आसपास – पेशीत केंद्रक असलेल्या जीवांचे जुने पुरावे.
५४ – कँब्रियन काळाची सुरुवात. कवचं, सांधे, डोळे असलेले प्राणी झपाट्याने वाढले.
४७ – जमिनीवर वनस्पतींची पहिली चाहूल.
२५.२ – पर्मियन काळाच्या शेवटचा महासंहार. समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ जाती गेल्या.
२३ – पहिले डायनासोर.
६.६ – आजच्या पक्ष्यांचे पूर्वज सोडून बाकीचे डायनासोर संपले. दख्खनचा लाव्हा याच सुमाराचा.
५ – भारताचा तुकडा आशियाला भिडला.

आता आपण स्वतः. आधुनिक माणूस सुमारे तीन लाख वर्षांचा. दोरीवर त्याची जागा टोकापासून अर्ध्या मिलिमीटरच्याही आत येते, दोरा बांधायला जागाच उरत नाही. दख्खनच्या लाव्ह्याचा बहुतांश भाग साताठ लाख वर्षांत बाहेर आला, म्हणजे दोरीवर एक मिलिमीटरही नाही. कळसूबाईपासून महाबळेश्वरपर्यंत आपण जो सह्याद्री बघतो, त्याचा जवळजवळ सगळा दगड त्या एका मिलिमीटरमध्ये बसतो.

दोरी बांधून झाली की एक गोष्ट नजरेत भरते. ४५४ पैकी पहिले जवळजवळ चारशे सेंटीमीटर डोळ्यांनी दिसेल असा प्राणी नाही. मासे, झाडं, सरडे, पक्षी, सस्तन, सगळे शेवटच्या ५४ मध्ये. शाळेच्या तक्त्यात मात्र हा शेवटचा तुकडाच पानभर असतो आणि आधीचा सगळा काळ तळाशी एका पट्टीत उरकलेला असतो. ती पट्टी डोक्यातून काढण्यासाठीच हा खटाटोप.

दुसरा टप्पा: चार नियम

भूशास्त्राचे मूळ नियम फार साधे आहेत. खालचा थर जुना, वरचा नवा. हे निकोलस स्टेनोने १६६९ साली लिहून ठेवलं. दुसरा: जो दगड दुसऱ्याला छेदून जातो तो त्या दुसऱ्यापेक्षा नवा. तिसरा: एखाद्या दगडाच्या पोटात दुसऱ्याचा तुकडा अडकला असेल तर तो तुकडा जुना. चौथा जीवाश्मांचा: जीवांच्या जाती ठरावीक क्रमाने येतात-जातात आणि एकदा गेलेली जात परत येत नाही, म्हणून एकाच जातीचे जीवाश्म असलेले दोन दूरचे थर एकाच काळातले मानता येतात. विल्यम स्मिथ या इंग्लंडमधल्या सर्वेक्षकाने कालवे खोदताना हे ओळखलं आणि १८१५ मध्ये त्याच आधारावर देशाचा भूशास्त्रीय नकाशा छापला.

कँब्रियन, पर्मियन, ज्युरासिक ही सगळी नावं या चौथ्या नियमावर ठरली, तीही कोणाला एकाही थराचं वय वर्षांत सांगता येत नव्हतं तेव्हा. आकडे नंतर आले. म्हणून आकडे पाठ नसले तरी हरकत नाही, क्रम चुकता कामा नये.

आपल्याकडे पहिला नियम लावताना मात्र एक खड्डा आहे. एकाच डोंगरावर वर चढत जाल तसा दगड नवा होत जातो हे खरं, पण दोन वेगळ्या डोंगरांच्या उंचीची तुलना करून वय सांगू नका. लाव्ह्याचे थर दिसायला आडवे असले तरी दक्षिणेकडे अगदी सौम्य उताराने कललेले आहेत. कळसूबाई १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. महाबळेश्वरचं पठार त्याहून बुटकं. तरी महाबळेश्वरचा माथा नवा आणि कळसूबाईचा दगड जुना. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या गटांना आपल्याच गावांची नावं दिली आहेत. खालून वर: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या सहलीत आपण कोणत्या गटावर उभे आहोत हे कळलं की अर्धं काम झालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ पासून हे नकाशे करते आहे आणि तिच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर ते कोणालाही बघता येतात. घरातून निघण्याआधी तिथे आपला तालुका उघडून बघायचा.

तिसरा टप्पा: घाटाची कापलेली बाजू

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला द्या.

काळ निवडताना पावसाळा टाळा. जुलैतला घाट सुंदर दिसतो हे मान्य, पण ओल्या कापाखाली उभं राहून दगड न्याहाळणं म्हणजे दरडीला निमंत्रण. शिवाय शेवाळ आणि गवत सगळं झाकून टाकतं. डिसेंबर ते मार्च उत्तम. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, साधा चाकू, छोटी बाटली व्हिनेगर, मोजपट्टी आणि वही. हातोडा नेलाच तर तो फक्त खाली पडलेल्या दगडासाठी. गाडी वळणावर न लावता रुंद जागी लावा.

आधी कापाजवळ जाऊच नका. दरीच्या पलीकडचा डोंगर बघा. त्यावर पायऱ्या दिसतील: सरळ कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. कडा म्हणजे लाव्ह्याच्या एका प्रवाहाचा घट्ट मधला भाग. उतार म्हणजे त्याचा फेसाळ, भुसभुशीत माथा, जो लवकर झिजतो. किती पायऱ्या दिसतात ते मोजून वहीत चित्र काढा. फोटोने हे काम होत नाही. चित्र काढताना जे दिसतं ते फोटो टिपताना दिसत नाही.

मग कापाजवळ या आणि एका प्रवाहाचा तळ शोधा. तळाशी बोटाएवढ्या लांब, उभ्या नळ्या दिसल्या तर नशीब चांगलं. लाव्हा ओलसर जमिनीवरून सरकताना खालून निघालेली वाफ आणि वायू वर जाताना त्या नळ्या राहिल्या. नळ्या दिसल्या म्हणजे हा तळच, यात शंका नको. तिथून वर नजर न्या. दगड काळा, घट्ट, एकजीव होतो. ताज्या तुटलेल्या बाजूवर भिंगातून बघितलं तर बारीक चकाकणारे कण दिसतात. आणखी वर गेलं की भोकं सुरू होतात, आधी तुरळक, मग दाटीने. ही वायूच्या बुडबुड्यांची भोकं. प्रवाहाच्या माथ्याशी दगड जवळजवळ जाळीदार होतो.

त्या भोकांमध्ये पांढरं, क्वचित हिरवट किंवा गुलाबी काही भरलेलं असतं. गावात त्याला सरसकट गारगोटी म्हणतात, पण त्यात तीन-चार वेगळी खनिजं असतात. चाकूने ओरखडा निघाला नाही तर ते क्वार्ट्झ. ओरखडा निघाला आणि त्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बारीक फेस आला तर कॅल्साइट. फेस नाही, पण मोत्यासारखी चमक किंवा सुयांचा झुबका असेल तर बहुधा झिओलाइट. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्यांतली नेहमीची नावं. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून निघालेलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसलं आहे. आता तिसरा नियम इथे उलटा लावून बघा: भोकात भरलेलं खनिज भोकापेक्षा नवं. लाव्हा थिजल्यानंतर कधीतरी गरम पाणी त्यातून फिरलं आणि ही खनिजं मागे ठेवून गेलं.

आणि आता या टप्प्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तांबडा पट्टा. दोन प्रवाहांच्या मध्ये विटेच्या रंगाचा थर दिसतो, कुठे चार बोटं, कुठे मीटरभर. भूशास्त्रात याला 'रेड बोल' म्हणतात. बोट फिरवा, मऊ पूड लागेल, गेरूसारखी. त्याची वरची कड आणि खालची कड वेगवेगळी बघा. वरची सुरीने कापल्यासारखी सरळ असते, कारण तिथे नवा तापलेला लाव्हा येऊन टेकला. खालची कड अस्पष्ट असते, तांबडं हळूहळू सडलेल्या दगडात आणि मग घट्ट बेसॉल्टमध्ये मिसळत जातं. म्हणजे खालचा प्रवाह थंड झाला, उघडा पडला, ऊन-पावसाने कुजून त्याची माती झाली, काही ठिकाणी वर ज्वालामुखीची राखही पडली, आणि मग पुढचा लाव्हा आला. एक तांबडा पट्टा म्हणजे एक विश्रांती. आंबेनळी घाटात, म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना, असे पट्टे एकाखाली एक बघायला मिळतात. किल्ल्यांवर कड्याच्या पोटात लांबच लांब कपार दिसली तर तीही अनेकदा याच मऊ थराची असते.

आणखी दोन गोष्टी मिळाल्या तर बोनस. एक, उभी भिंत: आडव्या थरांना छेदून वर गेलेला काळ्या दगडाचा पट्टा, ज्याला डाइक म्हणतात. दुसऱ्या नियमाने ती सगळ्यांत नवी. धुळे-नंदुरबारकडे अशा भिंती मैलोन्‌मैल माळावरून जाताना दिसतात. दुसरी, मोठ्या पांढऱ्या स्फटिकांचा बेसॉल्ट. काळ्या दगडात सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचे, कधी त्याहून मोठे, फेल्डस्पार या खनिजाचे लांबट स्फटिक विखुरलेले असतात. तो ठरावीक पातळ्यांवरच येतो, म्हणून नकाशा करणारे त्याला खुणेचा थर मानतात. मंचर आणि गिरवली ही त्यांतल्या दोघांची नावं.

वर्षं कशी ठरतात, थोडक्यात

घाटात कोणीतरी हमखास विचारतं, 'कार्बन डेटिंग केलं असेल ना?' नाही. कार्बन-१४ ची अर्धआयु, म्हणजे त्यातला निम्मा संपायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं, त्यामुळे पन्नास-एक हजार वर्षांपलीकडे त्याचा उपयोग नाही आणि बेसॉल्टसाठी तर मुळीच नाही. लाव्ह्यासाठी पोटॅशियमचं आर्गॉनमध्ये होणारं रूपांतर मोजतात. तिथे अर्धआयु १२५ कोटी वर्षांची. आणखी नेमकं घड्याळ म्हणजे झिरकॉनमधलं युरेनियम, जे शिशात बदलत जातं. त्याच्या एका प्रकाराची अर्धआयु ४४७ कोटी वर्षं. बेसॉल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही. पण तांबड्या पट्ट्यांत पडलेल्या राखेत ते मिळाले आणि त्यांच्यावरून दख्खनच्या प्रवाहांची वयं बारकाईने लावता आली. ज्या पट्ट्यावर तुम्ही बोट फिरवलंत, त्याच जातीच्या पट्ट्यांनी हे काम केलं.

चौथा टप्पा: दोन लाव्ह्यांच्या मध्ये

विश्रांती लांबली की खळग्यांत पाणी साठायचं, तळी व्हायची, गवत-झाडं यायची, बेडूक ओरडायचे. मग पुढचा लाव्हा येऊन तळ्यावर झाकण घालायचा. त्या तळ्यांचा गाळ आज चुनखडी, शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पापुद्र्यांचा दगड) किंवा चर्ट (गारेसारखा कडक दगड) यांच्या पातळ थरांच्या रूपात दोन प्रवाहांत दबलेला सापडतो. हे आंतरट्रॅपी थर (दख्खनच्या लाव्ह्याला 'ट्रॅप' म्हणतात). सह्याद्रीत ते कमी, विदर्भात आणि मध्य प्रदेशात जास्त.

नागपूरकरांनी लांब जायची गरज नाही. आज शहरात असलेल्या टाकळीच्या परिसरातून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गोड्या पाण्यातल्या शंखांचे, बियांचे, फळांचे जीवाश्म गोळा केले. हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानच्या चर्टमध्ये वनस्पतींच्या पेशी इतक्या जशाच्या तशा दगडात उतरल्या आहेत की पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की खोडातल्या नलिका मोजता येतात. बिरबल साहनींनी या वनस्पतींवर काम केलं आणि १९४६ मध्ये लखनौला पुरावनस्पतींची संस्था उभी केली.

मुंबईकरांसाठी वरळी आहे. तिथल्या काळसर शेलमध्ये लहानखुऱ्या बेडकांचे सांगाडे मोठ्या संख्येने सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं पहिलं वर्णन लिहिलं. त्याच थरांत कासवही मिळालं. मुंबईचे हे थर डायनासोर संपल्यानंतरचे मानले जातात. बेडूक आणि कासव त्या संहारातून पार झाले, हे वरळीत दगडावर लिहिलेलं आहे. आता तिथे इमारती आहेत, थर बघायला मिळेल या आशेने जाऊ नका.

शेतात किंवा नाल्यात असा थर ओळखायचा तर रंग बघा. काळ्या बेसॉल्टच्या मध्येच फिकट, पापुद्र्यासारखा किंवा गुळगुळीत कडक दगड आला, आणि त्यात गोगलगायीच्या आकाराचे वळसे दिसले, तर तुम्ही तळ्याच्या तळाशी आहात.

पाचवा टप्पा: लाव्ह्याखाली

लाव्ह्याखाली काय आहे हे दोन भूकंपांमुळे नीट कळलं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे विंधनविवर घेतलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्टनंतर थोडा गाळाचा थर आणि मग ग्रॅनाइटसारखा पायाचा खडक लागला. कोयनेच्या भूकंपक्षेत्रात पायाचा खडक सुमारे ९३० मीटरवर लागला. बहुतेक महाराष्ट्रात हा पाया असाच झाकलेला आहे. तो बघायचा तर लाव्हा जिथे संपतो त्या काठावर जावं लागतं: चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, आणि दक्षिणेला सिंधुदुर्ग व गोवा. माझं स्पष्ट मत आहे की जीवसृष्टीचा इतिहास शिकायला महाराष्ट्रात चंद्रपूरएवढा संपन्न जिल्हा दुसरा नाही, आणि तिथे सहली जातात फक्त वाघ बघायला.

वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथला लॅमेटा थर लाव्ह्याच्या लगेच खालचा, डायनासोरांच्या शेवटच्या काळातला. टायटॅनोसॉर या लांब मानेच्या प्रचंड शाकाहारी डायनासोरांची हाडं तिथे मिळतात, पण पिसदुऱ्याचं खरं धन म्हणजे दगड झालेली विष्ठा. शेतातल्या मातीत बटाट्याच्या आकाराचे राखाडी-तपकिरी गोळे पडलेले असतात. त्यांचे काप विरघळवून पाहिले तेव्हा आत वनस्पतींच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. प्रत्येक वनस्पतिकुळात या कणांचा आकार वेगळा असतो, आणि इथे काही कण चक्क गवताचे निघाले. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तोवर गवत डायनासोर गेल्यानंतर पसरलं असं सर्वसाधारणपणे मानलं जात होतं. पुढे याच लॅमेटा थरांच्या अभ्यासात भाताच्या कुळाशी नातं सांगणाऱ्या गवताचेही कण सापडले. चित्रांमध्ये डायनासोरांच्या पायाखाली गवत दाखवलं की पूर्वी शिक्षक ते खोडून टाकत; आता निदान शेवटच्या काळातल्या चित्रात राहू द्यावं लागेल.

लॅमेटा थर पुढे जबलपूर आणि गुजरातेत बालासिनोरपर्यंत जातात. भारतातली पहिली डायनासोरची हाडं १८२८ मध्ये जबलपूरला मिळाली, आणि बालासिनोरजवळच्या रहिओलीच्या हाडांवरून 'राजासॉरस' हे नाव २००३ मध्ये दिलं गेलं.

आणखी खाली, दोरीवर २५ ते ३० च्या दरम्यान, वर्धा खोऱ्यातला आणि नागपूरकडचा कोळसा. बल्लारपूर, चंद्रपूर, उमरेड, कामठी इथल्या कोळशाच्या सोबतच्या शेलमध्ये ग्लॉसोप्टेरिसची पानं मिळतात: जिभेसारखा आकार, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. हेच पान दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही मिळतं. हे सगळे भूभाग एकेकाळी जोडलेले होते याचा तो मोठा पुरावा. खाणीत परवानगीशिवाय जाता येत नाही. नागपूर-चंद्रपूरकडच्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांत मात्र पानांचे नमुने असतात, विचारलं की सहसा दाखवतात.

कोळशाच्याही खाली हिमनद्यांनी आणलेले गोटे. चंद्रपूरजवळ इरईला जुन्या चुनखडीच्या फरशीवर बर्फाने ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे १८७५ मध्ये नोंदले गेले. मे महिन्यात ज्या चंद्रपूरचं तापमान बातमी होतं, तिथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनदी सरकत होती. तेव्हा हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता.

दोरीवर पुन्हा आजच्या बाजूला आलात की सिरोंचा. प्राणहितेकाठच्या कोटा थरांत ज्युरासिक काळातले मासे आणि डायनासोर मिळाले. नदीपलीकडे पोचमपल्लीजवळ सापडलेल्या मोठ्या डायनासोरला 'बारापासॉरस टागोराय' हे नाव मिळालं, कारण तिथलं खोदकाम सुरू झालं तेव्हा रवींद्रनाथ टागोरांची जन्मशताब्दी होती. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंचा तालुक्यातच वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली खोडं बघता येतात.

सर्वांत जुन्या भागासाठी दक्षिणेला वळा. गोवा आणि सिंधुदुर्गातल्या रेडीचं लोहखनिज, तसंच गडचिरोलीतल्या सुरजागडचं, हे पट्टेदार लोहखडकांशी निगडित आहे. ताजा तुकडा मिळाला तर लोखंडाचे गडद आणि सिलिकाचे फिकट पट्टे आलटून पालटून दिसतील. प्राचीन समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं. ते गंजून तळाशी बसण्यात सूक्ष्मजीवांचा मोठा हात होता. जगातले बहुतेक असे खडक २८० ते १८० कोटी वर्षांपूर्वीचे. गोव्यातले त्यांतल्या जुन्या गटात मोडतात. डोळ्यांना दिसेल असा एकही जीवाश्म त्यात नाही, तरी जीवसृष्टीने पृथ्वीचं रसायन कसं बदललं याचा हा वजनदार पुरावा आहे, शब्दशः.

सहावा टप्पा: लाव्ह्यावर

हा भाग लवकर उरकतो. लाव्हा थांबल्यावर उष्ण, दमट हवेत बेसॉल्ट कुजून जांभा झाला. पाचगणीचं टेबललँड आणि कोकणातली चिऱ्याची घरं त्याचीच. लोणारला सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी उल्का आदळली आणि बेसॉल्टमध्ये १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. गोदावरी, प्रवरा, कुकडी यांच्या काठच्या जुन्या गाळात हत्ती आणि रानबैलांची हाडं आणि माणसाने घडवलेली दगडी हत्यारं मिळतात. या तिन्ही गोष्टी दोरीच्या टोकाकडच्या, त्यांतली लोणारची तर मिलिमीटरच्या आतली.

सातवा टप्पा: जे इथे नाही त्याची यादी

वहीत एक पान रिकामं ठेवून त्यावर लिहा: महाराष्ट्रात काय बघायला मिळणार नाही. कँब्रियनचे ट्रायलोबाइट (समुद्रातले जुने कवचधारी प्राणी) नाहीत; त्यासाठी हिमाचलातलं स्पिती. ज्युरासिक समुद्रातले वळ्यावळ्यांचे ॲमोनाइट नाहीत. त्यासाठी कच्छ, आणि मुंबई-पुण्याहून हीच सहल आधी करा. पर्मियनच्या महासंहाराची सागरी सीमा काश्मीरात गुर्युल दरीत आहे. स्ट्रोमॅटोलाइट उदयपूरजवळच्या झामरकोटड्याला किंवा उत्तर प्रदेशात सोनभद्रच्या सालखनला छान दिसतात.

डायनासोर कशाने संपले, हा प्रश्न घाटात उभं राहून विचारणारे बरेच भेटतील. मेक्सिकोतल्या चिकशुलूबला आदळलेला लघुग्रह हे मुख्य कारण, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. 'आपल्या सह्याद्रीने डायनासोर मारले' असं ठोकून सांगू नका, कितीही मोह झाला तरी.

फिरताना हाड, दात, अंडं किंवा खोडाचा जीवाश्म सापडला तर उचलू नका. जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला होता हे हरवतं, आणि मग त्याची किंमत कपाटातल्या शोभेच्या दगडाएवढी उरते. शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक मागचा थर दिसेल असा लांबून. फोनवरचे अक्षांश-रेखांश, गावाचं नाव आणि वरखालच्या दगडांचं वर्णन लिहा. ही नोंद जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला पाठवा. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. पिसदुऱ्यासारख्या उघड्या शेतातलं धन वेचून न्यायला लोकांना फार वेळ लागत नाही.